आधी उठण्याची वेळ : झोप, हालचाल आणि नैराश्य यांच्या कचाट्यात सापडलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका विद्यार्थिनीचे नाही. महाविद्यालयीन समुपदेशनात वारंवार समोर येणाऱ्या तक्रारी, लक्षणे आणि वळणे एकत्र करून ते प्रातिनिधिक स्वरूपात उभे केले आहे. त्यातील गुण आणि वेळा या मांडणीचाच भाग आहेत. संशोधनाचे दाखले मात्र प्रत्यक्षातले आहेत.

तक्रार आणि पूर्वपीठिका

विद्यार्थिनी १९ वर्षांची, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, वसतिगृहात राहणारी. समुपदेशकाकडे ती स्वतःहून आली नव्हती. सकाळच्या तासांची हजेरी भरत नसल्यामुळे वर्गाच्या प्राध्यापिकेने तिला पाठवले होते. पहिल्या भेटीत तिने सांगितलेली तक्रार एका वाक्याची होती : "मॅडम, झोप लागत नाही, आणि लागली की उठवत नाही." बाकीचे हळूहळू, विचारल्यावर बाहेर आले. गेले चार महिने वाचनात मन लागत नव्हते, मैत्रिणींबरोबर बसले तरी आपण तिथे उगीच आहोत असे वाटत होते, आणि घरून फोन आला की बोलण्याआधीच थकवा येत होता. शाळेत असताना ती व्हॉलीबॉलच्या संघात होती. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात खेळ सुटला, आणि तो का सुटला हे तिला नीट सांगता आले नाही. कोणी सोडायला लावला नव्हता. सराव संध्याकाळी असे, सबमिशनची कामे रात्री असत, आणि मधल्या वेळेत ती झोपून जाई.

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची माहिती मला लक्षणांत दिसत नाही. ती तिला आधीच मिळालेल्या सल्ल्यात दिसते. घरच्यांनी, प्राध्यापकांनी आणि मैत्रिणींनी तिला एकच गोष्ट सांगितली होती : लवकर झोप, रोज व्यायाम कर, सगळे ठीक होईल. तिने तो सल्ला मनावर घेतला होता. पहाटे साडेपाचचा गजर लावून धावायला जायचे ठरवले, दोन दिवस गेली, तिसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपली, आणि त्यानंतर "आपल्याच्याने एवढेही होत नाही" हे वाक्य तिच्या मनात घर करून बसले. सल्ला चुकीचा नव्हता. पण ज्या आजाराने तिच्यातली सुरुवात करण्याची ताकदच काढून घेतली होती, त्या आजारावर त्याच ताकदीची मागणी करणारा उपाय सांगितला गेला होता, आणि तो निष्फळ ठरल्याचा दोष तिने स्वतःवर घेतला होता.

मूल्यमापन

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली तिने भरली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात आणि एकूण गुण ० ते २७ या दरम्यान येतात. ५, १०, १५ आणि २० या अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्याच्या खालच्या मर्यादा मानल्या जातात. तिचे गुण १७ होते. गोडी न वाटणे २, उदास वाटणे २, झोप ३, थकवा ३, भूक १, स्वतःविषयी वाईट वाटणे ३, एकाग्रता २, हालचालीतील बदल ०, आणि नववा प्रश्न, म्हणजे जगण्यापेक्षा मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार, १. हे तपशील येथे मुद्दाम दिले आहेत, कारण पुढे केवळ एकूण गुण पाहून चालणार नाही.

नवव्या प्रश्नावर तिने "काही दिवस" या रकान्यात खूण केली होती. समुपदेशकाने कागद बाजूला ठेवला आणि थेट विचारले : असा विचार कधी येतो, काय करायचे याचा विचार झाला आहे का, तसे साधन हाताशी आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला आहे का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जातो ही भीती निराधार आहे. उलट अनेकांना हे कोणीतरी विचारल्याने हायसे वाटते. तिचे उत्तर असे होते की रात्री तीनच्या सुमारास, झोप लागत नसताना, "सकाळी जागच आली नाही तर बरे" असे वाटते. त्यापलीकडे बेत नाही, साधन नाही, प्रयत्न नाही. तरीही त्याच भेटीत सुरक्षेचा आराखडा लिहून झाला : तो विचार वाढू लागल्याची खूण कोणती, त्या वेळी खोलीतल्या कोणाला उठवायचे, घरी कोणाला फोन करायचा, तातडीची मदत कुठे मिळते. मोठ्या बहिणीला सांगण्यास ती तयार झाली. बेत किंवा साधन असते, तर पुढचे काहीही न करता त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी लागली असती.

मानसोपचारतज्ज्ञांनी तपासताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष दिले. थायरॉइडचे विकार आणि रक्तक्षय यांमुळेही असाच थकवा आणि मंदपणा येतो, म्हणून रक्ततपासणी झाली. ती सामान्य आली. दुसरे म्हणजे, तिच्या आयुष्यात कधी असा काळ आला होता का, की झोप फार कमी होऊनही उत्साह उतू जात होता, बोलणे आणि बेत आवरत नव्हते, हे तिला आणि बहिणीलाही विचारले गेले. द्विध्रुवीय विकार, म्हणजे नैराश्य आणि असा उन्माद आलटून-पालटून येणारा आजार, असेल तर झोपेवर बंधन घालणे, म्हणजे पलंगावरचा वेळ मुद्दाम कमी करणे, उन्मादाला निमंत्रण देऊ शकते, त्यामुळे ही विचारपूस झोपेच्या कोणत्याही उपचाराआधी व्हायला हवी. तसा इतिहास नव्हता. औषध सुरू करावे का याचीही चर्चा झाली. २५ वर्षांखालील रुग्णांत नैराश्यविरोधी औषधांच्या सुरुवातीच्या काळात आत्मघाताच्या विचारांवर बारीक लक्ष ठेवावे लागते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ साली हा इशारा १८ ते २४ वयोगटालाही लागू केला. औषधे टाळावीत असा त्याचा अर्थ नाही. या विद्यार्थिनीच्या बाबतीत आधी समुपदेशन आणि झोपेवरील उपचार, दर आठवड्याला भेट, आणि सहा आठवड्यांनी फेरविचार असे ठरले.

मग आली झोपेची नोंदवही. दोन आठवडे तिने रोज उठल्यावर कालची वेळ अंदाजाने लिहिली. घड्याळाकडे रात्रभर पाहत बसायचे नाही, हे तिला आधीच सांगितले होते. नोंदवहीतून जे दिसले ते तिच्या तक्रारीपेक्षा वेगळे होते. ती साडेबाराला पलंगावर आडवी होई, झोप साडेतीनच्या आसपास लागे, आणि ती साडेदहाला पलंग सोडी. पहाटेची चाळवाचाळव वजा केली तर पलंगावरच्या दहा तासांपैकी प्रत्यक्ष झोप साडेसहा तासांची होती. सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ दुपारी एकपर्यंत जाई. शिवाय खोलीत टेबल असूनही तिचा अभ्यास, जेवण, मालिका, फोन आणि रडणे हे सगळे पलंगावरच होत असे. झोप पुरती नाहीशी झाली नव्हती. ती सरकली होती, विखुरली होती, आणि पलंगाचा झोपेशी असलेला संबंध तुटला होता. हालचालीची नोंद त्याहून बोलकी होती : सलग दहा मिनिटे चालणे झाले असे दिवस आठवड्यात एखाद-दुसरेच होते, आणि पहिला सूर्यप्रकाश तिच्या डोळ्यांवर बहुधा दुपारी पडत होता.

गुंता कसा बसतो

झोप दोन यंत्रणांच्या मेळातून येते, असे १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलेले प्रारूप सांगते, आणि ते आजही उपयोगी पडते. एक यंत्रणा म्हणजे जागेपणी तासागणिक साठत जाणारा झोपेचा दाब. दुसरी म्हणजे शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ, जे प्रामुख्याने प्रकाशावरून आपली वेळ लावून घेते. पौगंडावस्थेत हे घड्याळ उशिराकडे सरकते आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराच्या टोकाला असते, त्यामुळे १९ वर्षांच्या मुलीला रात्री दहाला झोप न येणे हा आळशीपणा नाही. पण साडेदहाला उठणे, दुपारी दोन तास लवंडणे आणि दिवसभर खोलीत राहणे यांनी तिचा झोपेचा दाब कमी राहत होता आणि घड्याळ आणखी मागे पडत होते. झोप येण्यासाठी लागणारे दोन्ही आधार तिच्या दिनक्रमाने काढून घेतले होते. रात्री अकराची कॉफी त्यात भर घालत होती. कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात.

नैराश्यामुळे झोप बिघडते हे सर्वांना माहीत असते. उलट दिशेचा संबंध कमी बोलला जातो. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचे २०११ साली झालेले एकत्रित विश्लेषण असे दाखवते की सुरुवातीला नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत याहून थेट पुरावा ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा आहे. तिच्यात निद्रानाशासाठीचा सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) कार्यक्रम संगणकाद्वारे दिला गेला. झोप सुधारली, आणि तिच्यासोबत संशयी विचार व नैराश्याची लक्षणेही कमी झाली. झोपेवर इलाज केल्याने मनःस्थिती हलते हे त्यातून दिसते, आणि म्हणून झोपेला नैराश्याचे केवळ एक लक्षण समजून बाजूला ठेवणे मला योग्य वाटत नाही.

व्यायामाविषयीचा पुरावा विपुल आहे, पण तो जपून वाचावा लागतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या २१८ चाचण्यांच्या विश्लेषणात चालणे किंवा मंद धावणे, योग आणि शक्तिव्यायाम यांचा नैराश्यावर मध्यम प्रमाणात परिणाम आढळला. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यातही एकंदर परिणाम मध्यम दिसला, पण केवळ काटेकोर पद्धतीने केलेल्या चाचण्या पाहिल्या तर तो बराच लहान निघाला. व्यायामाच्या चाचणीत सहभागी व्यक्तीपासून आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे लपवता येत नाही, ही त्यातली मूळ अडचण आहे. त्यापलीकडे या प्रकरणाशी थेट निगडित असलेला प्रश्न व्यायामाच्या मात्रेचाही नाही आणि प्रकाराचाही नाही. चाचणीत भाग घेणारी व्यक्ती निदान चाचणीच्या ठिकाणी पोहोचलेली असते. आमच्या विद्यार्थिनीचा अडसर पलंगापासून दारापर्यंतच्या अंतरात होता.

उपचाराचा क्रम

समुपदेशकाने लवकर झोपण्याचा आग्रह धरलाच नाही. झोपणे माणसाच्या हातात नसते. उठणे बऱ्याच अंशी असते. म्हणून पहिली आणि मुख्य अट अशी ठरली की सुट्टीसह रोज साडेआठला पलंग सोडायचा. पलंगावर जाण्याची वेळ रात्री दोन ठरली, म्हणजे तिला सरासरी जेवढी झोप लागत होती तेवढाच वेळ पलंगावर. नैराश्य असलेल्या व्यक्तीला याहून कडक बंधन घालण्यात शहाणपण नाही. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेला जुना नियमही सोबत आला : पलंग फक्त झोपण्यासाठी, झोप लागत नसेल तर उठून टेबलापाशी बसायचे आणि डोळे मिटू लागले की परत यायचे. फोनवर बंदी घातली नाही. चार्जर मात्र टेबलाजवळ गेला. शेवटची कॉफी दुपारी तीनला. पहिले आठ-दहा दिवस दिवसा झोप अधिक येईल, ते उपचार फसल्याचे लक्षण नाही, आणि तेवढे दिवस दुचाकी चालवायची नाही, हे तिला आधीच स्पष्ट सांगितले होते. हे आधी सांगितले नसते तर तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा स्वतःलाच दोषी ठरवले असते.

व्यायाम या टप्प्यावर "व्यायाम" म्हणून आलाच नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात इमारतीबाहेर पडायचे आणि दहा मिनिटे चालायचे, एवढेच काम होते. त्याचा पहिला हेतू फिटनेस नव्हता. सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडावा, उठण्याच्या वेळेला बांधून ठेवणारे काहीतरी असावे, आणि दिवसाच्या सुरुवातीला एक गोष्ट पूर्ण झालेली असावी, हे तीन हेतू होते. ढगाळ हवेतही बाहेरचा प्रकाश खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतो. खोलीतली मैत्रीण त्याच वेळी वर्गाला निघत असे. समुपदेशकाने विद्यार्थिनीच्या संमतीने तिला एकच विनंती केली : समजावू नकोस, प्रोत्साहनही देऊ नकोस, फक्त सोबत घेऊन जा. पुढे विद्यार्थिनीने जे सांगितले ते असे : "ती दारात उभी राहून म्हणते, चप्पल घाल. बाकी काहीच म्हणत नाही. मग मला नाही म्हणायला काही उरतच नाही."

या वाक्यात वर्तन सक्रिय करण्याच्या उपचारपद्धतीचे मर्म आहे. नैराश्यात "वाटले की करीन" ही वाट बंद झालेली असते. आधी कृती, आणि मग कधीतरी तिच्यामागून वाटणे, असा क्रम उलटा करावा लागतो. त्यासाठी कृती एवढी लहान असावी लागते की तिला इच्छेची गरजच पडू नये. पहाटे साडेपाचची धाव त्या मापाची नव्हती.

तिसऱ्या आठवड्यापासून चालणे वीस-पंचवीस मिनिटांवर गेले. वेग असा की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. पलंगावरील वेळेच्या ८५ टक्क्यांहून अधिक वेळ सलग आठवडाभर झोप लागली की पलंगावरचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा, या नियमाने आणि उठण्याची वेळ थोडी आधी आणत, सहाव्या आठवड्यात ती एकला झोपून आठला उठू लागली. पाचव्या आठवड्यात ती व्हॉलीबॉलच्या मैदानावर गेली, तीही संघात परतण्यासाठी नव्हे, तर सरावानंतर उरलेल्या मुलींबरोबर अर्धा तास खेळण्यासाठी. संध्याकाळच्या खेळाने झोप बिघडेल का, असे तिने विचारले. झोपण्याआधीच्या शेवटच्या तासात दमछाक करणारा व्यायाम टाळला तर संध्याकाळचा व्यायाम सहसा झोपेच्या आड येत नाही.

मध्ये एक पूर्ण रात्र परीक्षेसाठी जागून गेली आणि दुसऱ्या दिवशी ती दुपारी दोनपर्यंत झोपली. त्या आठवड्याच्या भेटीत तिचा सूर पहिल्या दिवसासारखाच होता. समुपदेशकाने नोंदवही उघडून त्या एका ओळीच्या वरच्या आणि खालच्या ओळी तिला वाचायला लावल्या. जागरणानंतरच्या तिसऱ्या सकाळी ती पुन्हा साडेआठला उठली होती आणि हे तिच्या लक्षातच आले नव्हते.

गुण उतरले, पण काय उतरले

सहा आठवड्यांनी पीएचक्यू-९ चे गुण १७ वरून १० झाले. पाच किंवा अधिक गुणांची घट अर्थपूर्ण मानली जाते, त्यामुळे येथे समाधान मानून भेटी कमी करण्याचा मोह साहजिक होता. पण प्रश्नागणिक पाहिल्यावर चित्र वेगळे दिसले. झोप ३ वरून १, थकवा ३ वरून १, एकाग्रता २ वरून १. म्हणजे सात गुणांपैकी पाच गुण अशा तीन प्रश्नांतून उतरले होते की जे पुरेशी झोप मिळालेल्या कोणत्याही माणसाचे उतरतील. गोडी न वाटणे २ वरून १ झाले आणि नववा प्रश्न ० वर आला, ही खरी आणि मोलाची सुधारणा होती. रात्री तीनला जागे राहणेच थांबल्यामुळे त्या वेळचा तो विचारही सुटला होता. उदास वाटणे २ वरच होते. आणि स्वतःविषयी वाईट वाटणे ३ होते, ते ३ च राहिले.

विद्यार्थ्यांमधील झोप आणि नैराश्य यांच्या संबंधावरील पुष्कळशा पाहण्या एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेल्या असतात. नैराश्याच्या प्रश्नावलीतच झोपेचा, थकव्याचा आणि एकाग्रतेचा प्रश्न असतो, तेव्हा झोपेच्या गुणांशी तिचे नाते काही अंशी आपोआप घट्ट दिसणारच. संशोधनात ही मोजमापाची अडचण ठरते. समुपदेशनाच्या खोलीत तिच्यामुळे रुग्णाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका संभवतो. हजेरी भरू लागली, डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली, मैदानावर दिसू लागली, म्हणजे मुलगी बरी झाली असे सगळ्यांना वाटते, आणि आतले "माझ्याच्याने काही होत नाही" तसेच राहते.

मानसोपचारतज्ज्ञांशी पुन्हा चर्चा झाली. सुधारणा चालू असल्याने आणि आत्मघाताचे विचार थांबल्याने औषधाशिवाय पुढे जायचे ठरले, आणि समुपदेशनाचा रोख आता त्या एका न हललेल्या वाक्यावर आला. ते वाक्य पहिल्या सत्रातल्या एका नापास विषयापासून सुरू झाले होते, आणि तो विषय राहिल्याचे तिने घरी सांगितलेच नव्हते. वर्षभर प्रत्येक फोनवर ती लपवाछपवी होती. फोनआधी येणारा थकवा तिथला होता. ही गोष्ट झोपेच्या नोंदवहीत सापडणे शक्यच नव्हते. पण नीट झोप मिळू लागल्यावरच ती तिला बोलता आली, हेही तितकेच खरे असावे असे मला वाटते. न झोपलेल्या माणसाला अवघड गोष्ट बोलण्यासाठी लागणारा धीर गोळा करता येत नाही. बहिणीच्या मदतीने तिने आठव्या आठवड्यात घरी सांगितले. चौदाव्या आठवड्यात गुण ५ होते, आणि स्वतःविषयी वाईट वाटण्याचा गुण १ वर आला होता.

या प्रकरणावरून काय ठरवता येत नाही

झोप सुधारली म्हणून नैराश्य ओसरले, की मैत्रीण रोज दारात उभी राहिली म्हणून, की चालल्यामुळे, की लपवलेली गोष्ट सांगून झाल्यामुळे, की केवळ काळ गेल्यामुळे, हे एका प्रकरणातून वेगळे काढता येत नाही, आणि काढू नये. चुकलेले दिवस वजा जाता तिने गाठलेली शारीरिक हालचाल आठवड्याला सुमारे ११० मिनिटे होती. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या हालचालीची आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आहे. त्या मापाने ती अजूनही "अपुरी" ठरते. पण नॉर्वेतील ३३,९०८ प्रौढांचा ११ वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात आठवड्याला एखाद्या तासाच्या व्यायामाशीही पुढील नैराश्याचे कमी प्रमाण निगडित दिसले. तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरी दीडशे मिनिटे जमत नाहीत म्हणून शून्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकडा सांगण्यासारखा आहे.

महाविद्यालयाची बाजू थोडक्यात : हजेरीसाठी तिच्या घरी जाणारे पत्र समुपदेशकाच्या विनंतीवरून सहा आठवडे थांबवले गेले, आणि चुकलेल्या प्रात्यक्षिकांसाठी दुपारची तुकडी मिळाली. एवढी सवलत मिळाली नसती तर घरी सांगण्याची वेळ आणि रीत तिच्या हातात राहिली नसती.

पुढील सत्रपरीक्षेसाठीचा आराखडा शेवटच्या भेटीत लिहिला गेला. सलग तीन दिवस साडेनऊनंतर उठणे किंवा सलग चार दिवस बाहेर न पडणे ही धोक्याची खूण मानायची, ती दिसताच मैत्रिणीने विद्यार्थिनीला आणि विद्यार्थिनीने समुपदेशकाला कळवायचे, आणि नवव्या प्रश्नातला विचार पुन्हा डोकावला तर कोणत्याही खुणेची वाट न पाहता त्याच दिवशी बहिणीला फोन करायचा. पुढच्या भेटीची तारीख परीक्षेच्या दुसऱ्या आठवड्यातली ठेवली आहे.